अंगणातील देशी फुलझाडे



सेवाग्रामला १९३६ साली बापूंनी पिंपळ लावला, कस्तुरबांनी बकुळ लावली. दोन्ही झाडे देशी. तरीही शाळेपुढे वा पंचायतीपुढे बाग करावयाची म्हटली, की परदेशी झाडांचीच निवड होते. गुलमोहर मादागास्करचा, वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात. घाणेरी शोभेसाठीच अमेरिकेतून आली आणि रानेच्या राने व्यापून बसली. तिच्याखाली गुरांचे गवत उगवत नाही.

याउलट वर्धा जिल्ह्याच्या रानातील पळस फाल्गुनात केशरी फुलतो, बहावा वैशाखात पिवळे घोस मिरवतो. पहिली दोन वर्षे जपली, की ही झाडे उन्हाळा स्वबळावर काढतात. कुंपणाला निर्गुडी लावावी. गुरे तिला तोंड लावीत नाहीत.

बहाव्याचे बी कठीण असते. ते रात्रभर गरम पाण्यात भिजवून पिशव्यांत पेरावे. पळसाचे ताजे बी मात्र पहिल्या पावसात थेट जमिनीत टोचावे.