जुन्या लष्करी जीपमधील तेलदाबमापक

(भाषणाचा मजकूर)



दुसऱ्या महायुद्धात विलीज जीपइतकी कीर्ती फारच थोड्या वाहनांना लाभली. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून या बनावटीच्या सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर मुंबईत महिंद्र उद्योगसमूहाने विलीज जीपची जुळणी हाती घेतली आणि हे वाहन महाराष्ट्राच्याही चांगल्या परिचयाचे झाले.

आज अनेक देशांतील हौशी मंडळी युद्धकाळातील या जीपगाड्यांचा जीर्णोद्धार करतात. रंग, कापडी छत, बॉनेटवरील क्रमांक हे सारे मूळ बरहुकूम असावे, असा त्यांचा कटाक्ष असतो. तथापि, इंजिनाचे आयुष्य ज्यावर अवलंबून असते ती वस्तू चालकासमोरील फलकावर एका कोपऱ्यात असते. ती म्हणजे तेलाचा दाब दाखविणारे मापक, अर्थात ऑईल प्रेशर गेज.

जीपच्या चार सिलिंडरच्या, साठ अश्वशक्तीच्या इंजिनात पंपाच्या साहाय्याने वंगणतेल बेअरिंगपर्यंत पोहोचविले जाते. फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. हा थर नाहीसा झाल्यास धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांतच इंजिन निकामी होऊ शकते. ते टाळण्यासाठी इंजिनातील तेल एका बारीक नळीने थेट मापकापर्यंत आणलेले असते. मापकाच्या पोटात चपटी, वक्र धातूची नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि त्या हालचालीने काटा फिरतो. फ्रान्समधील युजेन बुर्दाँ यांनी १८४९ मध्ये शोधलेल्या या युक्तीला विजेची गरज नाही. बॅटरी उतरली तरी काटा आपले काम करीतच राहतो.

गार इंजिनात तेल घट्ट असल्याने दाब अधिक दिसतो. इंजिन तापून मंद गतीने चालू असता तो उतरतो. हा चढउतार स्वाभाविक होय. चिंता वाटावी ती न हलणाऱ्या काट्याची. ऐंशी वर्षांच्या कंपनांनी नळी चिरते, तिच्यात गाळ साचतो, काटा अडकून बसतो. अशा वेळी तबकडीला नवा रंग देऊन, काच पुसून मापक पुन्हा बसविल्यास गाडी देखणी दिसते खरी. परंतु मापक मात्र खोटी ग्वाही देते. दाब नसताना तो असल्याचे दाखविणारे मापक हे मापक नसण्यापेक्षाही घातक होय.

म्हणून जाणकार मंडळी तेलाच्या त्याच मार्गावर दुसरे, तपासलेले मापक तात्पुरते जोडून दोन्ही आकडे पडताळतात. दाब खरोखरच कमी आढळल्यास ते तेल, पंप आणि बेअरिंगची झीज तपासतात. ते न करता दाबनियंत्रक झडपेची स्प्रिंग ताणून काटा वर नेणे म्हणजे ताप उतरावा म्हणून तापमापकाचा पारा झटकण्यासारखेच आहे.

येथे आणखी एक इशारा देणे अगत्याचे आहे. त्या काळातील काही लष्करी वाहनांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्याने, चमक मावळली तरी किरणोत्सर्ग कायम राहतो. अशी तबकडी घरी उघडू नये, तिचा रंग खरवडू नये. ते काम तज्ज्ञांवर सोपवावे.

ऐतिहासिक वाहनाचे जतन म्हणजे केवळ त्याच्या रूपाचे जतन नव्हे. युद्धभूमीवर ज्या काट्याच्या भरवशावर चालक गाडी पुढे नेत असे, तो काटा आजही विश्वासार्ह असेल, तरच ती जीप खऱ्या अर्थाने पुन्हा उभी राहिली असे म्हणता येईल.