तालमीत फाटलेलं पत्र
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून चौघांनी तरी मला विचारलं, "तू नक्की काय करतेस गं?" सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटलं, की लोक घरातला बिघडलेला प्रिंटर पुढे करतात. म्हणून आज माझं काम थोडक्यात सांगते आणि त्या कामात केलेली एक मोठी चूकही सांगते. ती निस्तरताना मला आपली नववी आठवली होती.

मोठी वेबसाइट एका संगणकावर चालत नाही. तिच्यामागे चाळीस-पन्नास, कधी हजारो सर्व्हर असतात. प्रत्येकावर हाताने काम करत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून आम्ही कामांची यादी लिहितो: हे सॉफ्टवेअर बसव, ती फाइल बदल, सेवा पुन्हा सुरू कर. यादीप्रमाणे सगळ्या सर्व्हरवर काम करून घेणारी सॉफ्टवेअर असतात. मी वापरते त्याचं नाव अ‍ॅन्सिबल. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये आणलं. हा शब्द उर्सुला ल ग्विन यांच्या १९६६च्या विज्ञान कादंबरीतला आहे. तिथे तो दूरच्या ग्रहावर क्षणात निरोप पोहोचवणाऱ्या यंत्राचं नाव आहे.

या सॉफ्टवेअरमध्ये तालमीची सोय आहे. तिला 'चेक मोड' म्हणतात. काहीही न बदलता, खरं चालवलं तर काय काय बदलेल, एवढंच ती सांगते. ऐकायला छान वाटतं. पण तालमीला एक अडचण असते. समजा, पहिली पायरी सॉफ्टवेअर बसवायची आणि दुसरी ते सुरू करायची. तालमीत पहिली पायरी खरी होतच नाही. मग दुसरी म्हणते, "सुरू काय करू? इथे तर काहीच नाही!" आणि लाल अक्षरांत अडून बसते. यादीत चूक नसते, तरी तालीम फसते.

माझ्या यादीत असंच झालं. एक छोटी स्क्रिप्ट सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे ते वाचून पुढच्या पायरीला सांगायची. अ‍ॅन्सिबलला स्क्रिप्टच्या पोटात काय आहे ते कळत नाही, म्हणून तालमीत ते अशी पायरी गाळतं. आवृत्ती कळली नाही की पुढचं सगळं अडायचं. त्यावर उपाय आहे. त्या पायरीपुढे लिहायचं, 'तालमीतही ही खरीच चालव'. मी लिहिलं. ती नुसती वाचते, बदलत काही नाही, म्हणून 'बदल नाही असंच दाखव' हेही लिहिलं. लाल अक्षरं गेली. मी खूश!

आठ महिन्यांनी एका नवीन सहकाऱ्याने त्याच स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: सगळ्यात नवी आवृत्ती ठेव, जुन्या काढून टाक. डिस्क भरत होती, त्यामुळे त्याचा हेतू चांगलाच होता. ही स्क्रिप्ट तालमीतही खरी चालते, हे त्याला माहीत नव्हतं. मी ते कुठे नोंदवलंच नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. आमची सेवा बसच्या तिकिटांच्या आरक्षणाची. नवी आवृत्ती सर्व्हरवर आणून ठेवली होती, पण लोक अजून जुनीच वापरत होते. संध्याकाळी मी तालीम लावली. तालीमच तर आहे, म्हणून एकदम चाळीसही सर्व्हरवर. पडद्यावर ती पायरी हिरवीगार. मिनिटभरात फोन वाजायला लागले. चालू आवृत्तीच्या फायली चाळीसही ठिकाणी पुसल्या गेल्या होत्या. गावी निघालेल्या लोकांना दोन तास तिकिटं मिळाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. पहिलाच प्रश्न आला, "पुसायची ओळ कोणाची?" सगळ्यांच्या नजरा त्या पोराकडे वळल्या. नोकरीला लागून त्याला पाच महिने झाले होते. मी गप्प बसले असते तर ते प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि काही क्षण मी गप्प बसलेही.

तेव्हा मला १९९४चं आपलं स्नेहसंमेलन आठवलं. नाटकात मी रागावून पत्र फाडायची. तालमीत रोज कोरा कागद असायचा. एक दिवस टेबलावर जो कागद होता तो मी त्वेषाने टराटरा फाडला. मुख्याध्यापकांच्या सहीचं, अनुदानासाठी पाठवायचं पत्र होतं ते! वर्गात चिडीचूप. मी रडायच्या बेतात. बाई तुकडे गोळा करत म्हणाल्या, "तिने सांगितलं तेच केलं. तालमीच्या टेबलावर खरा कागद मी ठेवला. सरांना मी सांगते." आणि आम्हाला वर्गात बसवून त्या एकट्याच ऑफिसात गेल्या.

मी बैठकीत म्हटलं, "ओळ त्याची आहे. पण तालमीच्या टेबलावर खरा कागद मी ठेवला होता." मग कागदाची गोष्ट सांगावी लागली. थोडं हसू झालं, आणि 'कोणी केलं' सोडून 'कसं झालं' यावर बोलणं सुरू झालं.

त्यातून तीन गोष्टी बदलल्या. वाचणारी आणि पुसणारी स्क्रिप्ट वेगळी केली. 'तालमीतही खरी चालव' असं लिहिलेली प्रत्येक पायरी, आणि तिच्यामागची स्क्रिप्ट, दुसऱ्याने वाचल्याशिवाय स्वीकारायची नाही असं ठरलं. आणि तालीमसुद्धा आधी एकाच सर्व्हरवर, तोही लोकांच्या वापरात नसलेला. तिथे यादी खरी चालवूनही बघतो, कारण काही चुका खऱ्या प्रयोगाशिवाय दिसतच नाहीत.

तो मुलगा आज स्वतःची टीम सांभाळतो. नव्याने आलेल्यांना तो 'खऱ्या कागदाची' गोष्ट सांगतो, असं कानावर आलं आहे.

बाई, त्या दिवशी ऑफिसात सर तुम्हाला काय म्हणाले, ते तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत. आज जेवताना मी तुमच्या शेजारी बसणार आहे. आता तरी सांगा.