टेलच्या तालुक्याचा आमदार

गणपतराव देशमुख हे नाव काढलं की समोरचा माणूस हमखास एसटीची गोष्ट सांगतो. आमदार असूनही ते लाल डब्यातून प्रवास करायचे, कसलाच डामडौल नव्हता. गोष्ट खरी आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, हेही समजण्यासारखं आहे. तरी साधेपणाच्या या गोष्टींनी त्यांच्यावर थोडा अन्यायच केला. साधी राहणारी माणसं महाराष्ट्राच्या राजकारणात आणखीही होऊन गेली. सांगोला तालुक्याने याच माणसाला १९६२ पासून २०१४ पर्यंत अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, ते तो कशाने प्रवास करतो हे पाहून नव्हे. तिथल्या माणसाचा प्रश्न पाण्याचा होता.

सांगोला सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, माणदेशाच्या पट्ट्यात येतो. तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. माण नदीच्या पात्रात वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू. नीरा उजवा कालवा आहे, पण सांगोला त्याच्या टेलला. टेलला असणं म्हणजे काय, हे कालव्यावरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आवर्तन सुटतं, वरच्या भागातली दारं उघडी राहतात, तिथला ऊस भिजतो, आणि खालच्या गावाला पाणी पोचेपर्यंत चारीत नुसती ओल उरते. तक्रार घेऊन कचेरीत जावं तर कागदावर पाणी सुटलेलं असतं.

अशा तालुक्याला शेतकरी कामगार पक्षाचा वकील आमदार मिळाला. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. ते १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले आणि १९९९ ला पुन्हा निवडून आले. १९७८ मध्ये आणि १९९९ मध्ये मंत्रिपदही वाट्याला आलं, पण दोन्ही वेळा थोड्याच काळासाठी. बाकी बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर गेलं, आणि तेही निवडणुकीगणिक लहान होत गेलेल्या पक्षाच्या बाकावर. विरोधी आमदाराकडे ना खातं, ना निधीची किल्ली. त्याच्याकडे असतात प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पावरची चर्चा. योजनेला मंजुरी आहे पण तरतूद किती, तरतूद आहे पण खर्च किती, हे सभागृहात दरवर्षी न कंटाळता विचारणं हेच गणपतरावांचं राजकारण होतं. ते टाळ्यांचं काम नव्हे.

१९९३ मध्ये आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषद सुरू झाली, तेव्हा गणपतराव त्यांच्यासोबत उभे राहिले. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके एका मांडवाखाली आले. मागणी थेट होती: कृष्णेचं पाणी उचलून आम्हाला द्या, आणि ते देताना भूमिहीनाचाही हक्क धरा. काळ निकडीचा होता. बच्छावत लवादाने कृष्णेतलं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं होतं, पण २००० च्या मे अखेरीनंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. आपल्या वाट्याचं पाणी तोवर अडवून वापरात आणलं नाही तर ते गमावून बसू, ही भीती सगळ्यांनाच होती. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं ते याच धास्तीतून. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांना वेग आला तोही तेव्हाच. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं टेंभूचं पाणी टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडीमार्गे सांगोल्याकडे आणायचं होतं. सांगोला इथेही टेललाच!

पाणी येईपर्यंत तालुका हातावर हात ठेवून बसला नाही, आणि ही बाजू एसटीच्या गोष्टीपेक्षा मोलाची आहे. १९९० च्या सुमारास राज्याने रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू केली. खड्डे, रोपं आणि पहिली तीन वर्षं बाग जगवणं, या सगळ्याला अनुदान. सांगोल्याने त्यातून डाळिंब उचललं. डाळिंबाचं गणितच वेगळं आहे. बहार धरण्याआधी बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पानगळ होते, मग छाटणी आणि खत, त्यानंतर पहिलं पाणी सोडलं की फूट आणि कळी एकदमच दिसू लागते. भरपूर पाण्याच्या मुलखात हा ताण नीट बसत नाही. इथे मुरमाड जमीन आणि कोरडी हवा आयतीच होती. ठिबकच्या नळीतून थेंबाथेंबाने पाणी दिलं की बाग उभी राहते. तेल्या आणि मर या रोगांनी पुढे बागाच्या बागा उपटायला लावल्या, हेही सांगितलं पाहिजे. तरीही डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्यातून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारसाठी.

सूतगिरणीचंही असंच. ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही, तिथे सहकारी सूतगिरणी काढायची आणि ती नीट चालवून दाखवायची! आजूबाजूच्या सहकारी संस्था कर्जात बुडताना सांगोल्याच्या गिरणीचं नाव चांगल्या कारभारासाठी घेतलं गेलं.

उणं काय राहिलं? वेळ. टेंभूचं पाणी माण नदीच्या पात्रात पडेपर्यंत पाणी परिषदेला उणीपुरी दोन दशकं होऊन गेली होती. आटपाडीच्या मांडवात घोषणा दिलेले कितीतरी शेतकरी तोवर थकले. याचा दोष एका आमदाराच्या माथी मारता येणार नाही, पण प्रामाणिक आणि चिवट लोकप्रतिनिधी असूनही तालुक्याला इतकं थांबावं लागतं, तेव्हा बोट व्यवस्थेकडेच दाखवावं लागतं.

गणपतराव २०१९ ला निवडणुकीतून बाजूला झाले. त्या वर्षी पक्षाची जागा ७६८ मतांनी गेली आणि २०२४ ला त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ती परत मिळवली. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. पाण्याचा हिशेब मात्र अजून चालूच आहे. उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारने उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्याने, असं ठरलं आहे. आवर्तन टेलकडून वरच्या गावांकडे द्यायचं, हे तत्त्वही मान्य झालेलं आहे. आता ज्या गावाने पट्टी भरली, त्याच्या चारीला ठरल्या तारखेला पाणी आलं की नाही, हे विधानसभेत उभं राहून विचारणारा माणूस सांगोल्याला दर अधिवेशनात हवा आहे.