फडावरचं पोस्टकार्ड

दसरा-दिवाळी झाली, की आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, धारूरकडची कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. १९८०च्या दशकात माझे आईवडीलही कोल्हापूरकडं जायचे; आम्ही भावंडं आजीजवळ. सहा महिन्यांत दोन-तीन पोस्टकार्डं यायची, कोपीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराकडून लिहून घेतलेली.

आजोबा गेल्याचं कार्ड फडावर पोचलं, तोवर तेरावं उरकलं होतं. म्हणून तो काळ परत यावा, असं मी म्हणणार नाही. आज फडातली आई लेकराला मोबाइलवर दिसते.

पण तेव्हा उचल फिटली नाही, तर मुकादमाला गावी यावं लागे. आता त्याचा फोन मजुराच्या खिशातच वाजतो.

आईचं एक कार्ड अजून माझ्या पेटीत आहे: ‘शाळा बुडवू नको.’ मी बुडवली नाही.