प्रकाश, वीजभार आणि कोरडी शाई



आजच्या विषयाचे यंत्र तुम्हा सर्वांच्या ओळखीचे आहे. दाखला असो, सातबारा असो की वर्गातल्या नोट्स, झेरॉक्सच्या दुकानात कागद द्यायचा आणि क्षणात प्रत घ्यायची, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्याआधी आपल्याकडे टंकलेखनाला कार्बन पेपर, पत्रकांना सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल आणि नकाशांना अमोनियाची प्रत असे. त्यातल्या कशानेही हाती असलेल्या कुठल्याही कागदाची साध्या कागदावर कोरडी, टिकाऊ प्रत निघत नसे. हे साधले ते स्थितिक विजेमुळे, म्हणजे कोरड्या केसांत फिरवलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे खेचणाऱ्या विजेमुळे. माणसाला ही वीज हजारो वर्षांपासून माहीत आहे. तिच्याकडून लिखापढीचे काम करून घेण्याचे मात्र एका माणसाला सुचले.

त्याचे नाव चेस्टर कार्लसन. १९०६ साली सिएटलमध्ये जन्म, घरची गरिबी, कॅलटेकमधून पदार्थविज्ञानाची पदवी आणि पुढे न्यूयॉर्कमधल्या एका विद्युत उपकरणांच्या कंपनीत पेटंट विभागाची नोकरी. तिथे पेटंटच्या तपशिलांच्या आणि आकृत्यांच्या प्रती सतत लागत. एक तर पुन्हा टंकलिखित करायचे, नाही तर ओल्या रसायनांतून फोटो काढून घ्यायचा. कार्लसनची दृष्टी अधू होती आणि सांधेदुखीही मागे लागली होती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून तो वाचत गेला, तेव्हा हंगेरीचे शास्त्रज्ञ पाल सेलेनी यांचे वीजभाराने चित्र उमटवण्याचे काम त्याच्या नजरेस पडले. फोटोग्राफीच्या रसायनशास्त्रात मोठमोठ्या कंपन्यांनी आधीच पाय रोवले आहेत, आपण विजेच्या वाटेने जावे, असे त्याने ठरवले. १९३७ साली त्याने पेटंटचा पहिला अर्जही केला. प्रयोग मात्र अजून जमला नव्हता.

तो जमला २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, न्यूयॉर्कमधल्या आस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत. मदतीला होता ओटो कोर्नेई, ऑस्ट्रियातून आलेला पदार्थवैज्ञानिक. हा प्रयोग नीट पाहू या, कारण पुढचे सगळे यंत्र त्यातच आहे. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा पातळ थर दिलेला. खोलीत अंधार करून कोर्नेईने तो थर रुमालाने खसाखसा घासला. घासल्याने गंधकावर वीजभार आला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि गावाचे नाव लिहिलेले होते: १०-२२-३८ आस्टोरिया. ती पट्टी गंधकावर ठेवून वरून काही सेकंद प्रखर दिवा दाखवला. मग पट्टी उचलून पत्र्यावर लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड भुरभुरली आणि हळूच फुंकर मारली. सुटी पूड उडून गेली आणि पत्र्यावर अक्षरे उरली. मेणकागद दाबून ती उचलली, कागद गरम केला आणि अक्षरे कागदावर कायमची बसली.

अक्षरे उरली का? अंधारात गंधक वीज वाहू देत नाही, म्हणून भार जागच्या जागी थांबतो. प्रकाश पडला की तेच गंधक थोडीफार वीज वाहू देते. त्यामुळे मोकळ्या काचेखालचा भार जस्तात निघून गेला, आणि शाईखाली सावली होती तिथला तेवढा टिकला. म्हणजे भाराचे एक अदृश्य चित्र तयार झाले होते. पुडीने ते फक्त डोळ्यांना दाखवले.

भार देणे, प्रकाश पाडणे, पूड चिकटवणे, ती कागदावर घेणे आणि तापवून पक्की करणे, असे हे पाच टप्पे आहेत. पुन्हा वापरायचे तर पृष्ठभाग पुसणे हा सहावा. कल्पना त्या दिवशी पूर्ण होती. तरी बाजारात खपणारे यंत्र यायला २१ वर्षे लागली. कार्लसनने वीसहून अधिक कंपन्यांचे दरवाजे ठोठावले आणि सगळीकडून नकार घेतला. १९४२ साली पेटंट मिळाले. १९४४ साली ओहायोतल्या कोलंबस इथल्या बॅटेल या संशोधनसंस्थेने काम हाती घेतले, तेव्हा एकेका टप्प्याची खरी झुंज सुरू झाली.

गंधकाला प्रकाश फार लागे. बॅटेलमध्ये विल्यम बिक्सबी यांनी त्याच्या जागी सेलेनियम आणले, ते कितीतरी पटीने तल्लख निघाले. पण सेलेनियमही स्फटिक न बनलेल्या, काचेसारख्या रूपातच हवे. स्फटिक बनले की ते अंधारातही भार धरत नाही. रुमालाचे घासणे गेले आणि हजारो व्होल्टची बारीक तार आली. तारेभोवतीच्या हवेत विद्युतभारित कण तयार होतात आणि ते सेलेनियमवर सारखे पसरतात. पुडीसाठी रेझिन आणि काजळीचा टोनर बनवला आणि तो जाड दाण्यांत मिसळला. दाण्यांशी घासून टोनरवर ऋण भार येतो. हे दाणे पृष्ठभागावरून ओघळले, की टोनर धन भाराच्या अक्षरांना चिकटतो आणि दाणे पुढे घसरतात. मग कागद ठेवून त्याच्या पाठीमागून पुन्हा तारेने धन भार दिला, की टोनर कागदावर उडी घेतो.

या रचनेची एक खोड जाणून घेण्यासारखी आहे. त्या काळच्या प्रतींत अक्षरे ठसठशीत येत, पण मोठा काळा ठोकळा असेल तर त्याच्या कडा काळ्या आणि मधला भाग फिका येई. भाराचा सलग पट्टा असला की विजेचे बळ त्याच्या कडेशी एकवटते, मध्ये बाहेरच्या बाजूला ते फार कमी उरते. मग टोनर कडेलाच ओढला जातो. पुढे चित्राच्या अगदी जवळ धातूचा पृष्ठभाग आणून ही अडचण दूर केली गेली. मजकूर मात्र बहुतेक कडांचाच बनलेला असतो, म्हणून कचेऱ्यांसाठी हे यंत्र चपखल बसले.

१९४७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या हॅलॉइड या छोट्या, फोटोचे कागद बनवणाऱ्या कंपनीने ही विद्या उचलली. जोसेफ विल्सन तिचे प्रमुख आणि जॉन डेसॉअर संशोधनाचे. १९४९ साली आलेल्या पहिल्या यंत्राचे भाग वेगवेगळे होते. प्लेट हाताने एका भागातून दुसऱ्यात न्यायची, दाणे पसरायला तबक कलते करायचे, कागद तापवायला वेगळी भट्टी. साध्या नकलांसाठी ते किचकटच होते. पण त्यातून ऑफसेट छपाईची कागदी प्लेट उत्तम निघते असे दिसले आणि त्या कमाईवर पुढचे काम चालले.

१६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ९१४ हे स्वयंचलित यंत्र जगासमोर आले. नऊ बाय चौदा इंचांचा कागद, म्हणून नाव ९१४. वजन २९० किलोंहून जास्त, वेग मिनिटाला सात प्रती. सेलेनियमचा थर आता ॲल्युमिनियमच्या फिरत्या ड्रमवर होता. एकाच फेरीत भार, प्रकाश, टोनर, कागद आणि पुसणे व्हायचे, पुसायला सशाच्या केसांचा ब्रश. तापवण्याचा भाग ड्रमपासून दूर ठेवावा लागला, कारण उष्णतेने सेलेनियम स्फटिक बनते. टोनर वितळायला हवा, पण कागद जळायला नको. कागद अडकला तर तो पेटतही असे, म्हणून यंत्रासोबत छोटे अग्निशामक दिले जाई. १९६० साली यंत्रे ग्राहकांकडे जाऊ लागली. महिना ९५ डॉलर भाडे आणि त्यात २,००० प्रती. किमतीऐवजी भाडे ठेवल्याने साध्या कचेऱ्यांनाही ते परवडले.

श्रोतेहो, १९४७ ते १९६० या काळात हॅलॉइडने या एका विद्येवर सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च केले. तिच्या नेहमीच्या धंद्याच्या कमाईपेक्षा ते सुमारे दुप्पट होते. कार्लसनची कल्पना एका माणसाची. यंत्र मात्र तिच्यावर वर्षानुवर्षे विश्वास ठेवणाऱ्यांनी उभे केले. एका संस्थेने वेळ दिला, एका छोट्या कंपनीने ताकदीबाहेर पैसा घातला, आणि बिक्सबींसारख्या संशोधकांनी एकेका टप्प्यावर चिकाटीने काम केले. वीसहून अधिक नकार देणाऱ्या कंपन्यांकडे पैसा होता, तज्ज्ञ होते, फक्त थांबण्याची तयारी नव्हती.

म्हणून आपल्या महाविद्यालयांना, कारखानदारांना आणि उद्योजकांना माझी विनंती आहे. आपल्या गावात एखाद्या तरुणाने अर्धवट जमलेला, ओबडधोबड प्रयोग आणून दाखवला, तर त्याला पहिल्याच भेटीत परत पाठवू नका. त्याला जागा द्या, साहित्य द्या, आणि जमेल तितकी वर्षे द्या.