बेबी, चिऊ, नकोशी: दाखल्यावरचं नाव
(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'मुलीचं नाव'. तर आधी माझंच सांगते. माझं नाव बेबी. हे घरातलं लाडाचं नाव नाही, शाळेच्या दाखल्यावरचं आहे. आम्ही चार भावंडं. थोरला चंद्रशेखर, त्याच्या पाठचा राजेंद्र. दोघांची नावं रीतसर पत्रिका पाहून ठेवलेली. तिसरी सुमन. चौथी मी. माझ्या वेळेला सुगीचे दिवस होते, बारसं राहूनच गेलं असं आई सांगायची. सगळे बेबी म्हणत. चुलते शाळेत घालायला घेऊन गेले, मास्तरांनी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, मास्तरांनी लिहिलं. झालं माझं बारसं!

पन्नाशी उलटल्यावर एकदा बँकेत टोकन घेऊन बसले होते. आतून पुकारा झाला, "बेबी कोण?" सगळे लहान मूल शोधायला लागले. मी उठले तर काउंटरवरचा म्हणतो, "मावशी, खरं नाव सांगा ना." आता खरं नाव आणायचं कुठून?

हे आज सांगायचं कारण असं, की आपल्या केंद्रावर येणाऱ्या तरुण आया सध्या नेमकं हेच विचारतात. घरात चिऊ म्हणतो, परी म्हणतो, पिहू म्हणतो, तेच दाखल्यावर घालू का? छोटं आहे, गोड आहे, जातपात कळत नाही, बोलायला सोपं. त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. पण उत्तर देण्याआधी थोडं मागे जाऊ या.

घरातलं हाक मारायचं नाव बाहेर आलं म्हणजे पुरुषाचं काय होतं बघा. बाळ असेल तर बाळासाहेब होतो. बाबाचा बाबासाहेब, नानाचा नानासाहेब, बापूचा बापूराव. नावाला वजन येतं, पाटीवर लिहिलं जातं. आणि बेबीची? बेबीच राहते. फार तर आपण बायका तिला 'ताई' जोडतो. म्हणजे दोष छोट्या नावात नाही. ते कुणाला लागलंय आणि पुढे त्याचं काय करू दिलं जातं, यात आहे.

दुसरं उदाहरण. आपल्याकडे पोरं जगत नसली की मुलाचं नाव दगडू, धोंडू, भिकू ठेवायचे. दृष्ट लागू नये, मरणानं वळून बघू नये म्हणून. दगडाबाई, धोंडाबाईही असायच्या, नाही असं नाही. नाव ओबडधोबड, पण त्यामागे मूल जगावं ही धडपड होती. आता त्याच्या शेजारी 'नकुशी' ठेवून बघा. हेही ओबडधोबड नाव, पण हे या मुलीसाठी नाहीच. तिच्यानंतर पुन्हा मुलगी होऊ नये यासाठी आहे. आपल्या नावातून तिला स्वतःला काहीच नाही, नुसता निरोप पोचवायचं काम! ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात जिल्हा प्रशासनानं शोध घेऊन अशा सुमारे 285 मुलींना नवी नावं दिली, तेव्हा वर्तमानपत्रांतून खूप लिहून आलं. चांगलं काम झालं. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, आणि 2001 मध्ये 913 होत्या. नाव बदलणं त्यामानानं सोपं काम आहे.

आता छोटी नावं घेऊन मोठं काम केलेल्या बायका. जनाबाई आपल्या अभंगांत स्वतःला जनी म्हणवते, कुणी तिला लहान समजत नाही. बहिणाबाई या नावाचा अर्थ काय, तर बहीण! नात्याचंच नाव झालं. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तकरूपानं आलं. ते हातात पडलं तेव्हा आतलं वाचायच्या आधी मी मुखपृष्ठावरचं नावच कितीदा वाचलं. आणि पोरींनो, तुमची मनू भाकर! 2024 मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं आणली, जगभरच्या फलकावर 'मनू' लागलं. तेव्हा नाव लहान म्हणून बाई लहान राहते, हे काही खरं नाही.

म्हणून मी नाव ऐकून मत देत नाही. आधी विचारते की हे कुणी ठेवलं आणि कसं ठेवलं. माझ्या भाचीला दुसरी मुलगी झाली. तिनं फोनवर सांगितलं, "मावशी, चिऊच ठेवते." सासूबाई म्हणाल्या होत्या, दुसरीच तर आहे, ठेवा काहीही. मला धस्स झालं. मी म्हटलं, थोरलीच्या वेळी काय केलं होतंत? तर तिच्या वेळी आठ दिवस पुस्तकं चाळली, अक्षर काढलं, आत्याला साडी, सगळं झालं होतं. मग या पोरीच्या वाट्याला तेवढं का नाही? भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थोरलीचं नाव त्यांनी ठरवलं, मला कुणी विचारलं नाही. या वेळी कुणाला पडलेली नाही, म्हणून मला ठेवता येतंय. आणि पोटात होती तेव्हापासून मी तिला चिऊच म्हणते."

बघा, एकच नाव. सासूच्या तोंडी ते 'काहीही' आहे, आईच्या तोंडी निवड आहे. दाखल्यावर मात्र दोन्ही सारखंच दिसणार. मी तिला एवढंच सांगितलं, की हेच नाव साठ वर्षांची बाई सही करताना लिहील, दवाखान्यात, कोर्टात, सभेत पुकारलं जाईल. तसं मोठ्यानं म्हणून बघ. "डॉक्टर चिऊ", "सरपंच चिऊताई". ती हसली, म्हणाली, सरपंच चांगलं वाटतंय.

आता कामाचं. दवाखान्यातल्या कागदावर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव असतं. बाळाची ओळख आईवरून सांगणारा बहुतेक पहिला कागद तोच, आणि घरी आलं की तो फडताळात जातो. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव त्याच वेळी द्यायला हवं असं नाही. नोंदणीनंतर 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तेव्हा "लवकर सांगा, नाहीतर राहील" असं म्हणून कुणी घाई केली तर ऐकू नका. मात्र 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून लायसन्सपर्यंत हाच जन्मदाखला धरला जातो. पूर्वी माझ्यासारखीचं नाव मास्तरांच्या हातात होतं, आता ते या एका नोंदीत आहे. 2024 मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की 1 मे 2024 पासून पुढे जन्मलेल्यांच्या कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आता तरी आईचं नाव नीट, पूर्ण लिहायला सांगा. तिथेही कुणी 'बेबी' असेल तर असू दे.

मला विचारतात, तुम्ही राजपत्रात देऊन बदललं का नाही? अर्ज दोनदा आणला होता. भरला नाही. चाळीस वर्षं मोर्च्याच्या निवेदनांवर, पोलीस ठाण्यातल्या जबाबांवर, पंचनाम्यांवर हीच सही केली. ती ठेवणाऱ्यांची उरलेली नाही, माझी झालीय.

भाचीच्या लेकीचा रकाना अजून कोरा आहे, सात महिने हातात आहेत. तोवर आता तुमच्याकडून ऐकू. मागच्या रांगेपासून सुरू करा. आपलं नाव सांगा, आणि ते कुणी ठेवलं तेही सांगा.