पाव्होनिया म्हणजे मोरगाव

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा माणूस नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्याला कन्सल्टंट. म्हणजे सहा महिने या क्लायंटकडे, सहा महिने त्या. त्यामुळे न्यूजर्सी-न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावरची बरीच गावं गाडीतून आणि लोकलमधून बघून झाली आहेत, आणि ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर पाट्या वाचण्यावाचून दुसरं करणार काय?

मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की तिसऱ्या वाक्याला विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" तोच प्रश्न मी या पाट्यांना विचारायला लागलो. उत्तरं मजेदार निघाली. काही मुळीच मजेदार नव्हती, तीही सांगतो.

१६०९ साली हेन्री हडसन इथे आला. हा स्वतः इंग्रज, पण काम करत होता डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीसाठी. म्हणजे बघा, आपल्या लाइनीतलाच! निघाला होता आशियाचा जवळचा रस्ता शोधायला आणि पोचला इथल्या नदीत. त्याच्यामागून डच वसाहतवाले आले आणि गावाकडची नावं सामानात बांधून घेऊन आले. ब्रुकलिन हे हॉलंडमधलं ब्रोकेलन, हार्लेम हे तिकडचं हार्लेम, आणि फ्लशिंग म्हणजे व्लिसिंगन नावाचं डच बंदर. फ्लशिंगच्या गणपतीला आपण सगळे जातो. ते देऊळ ज्या बाउन स्ट्रीटवर आहे, तो जॉन बाउन १६६२ मध्ये पकडला गेला. कशासाठी? तर क्वेकर पंथाच्या लोकांना घरात प्रार्थनेला जमू दिलं म्हणून! त्या रस्त्यावर आज गणपती आहे. मला हे फार आवडतं.

डच भाषेत 'किल' म्हणजे ओढा किंवा खाडी. स्टेटन आयलंडला जाताना आपण आर्थर किल ओलांडतो. घाबरू नका, तिथे कुणा आर्थरचा खून झालेला नाही. मूळ शब्द 'आख्टर कोल', साधारण 'मागची खाडी'. इंग्रजांच्या कानाला आख्टर पेलवेना, त्याचा आर्थर झाला. हे कान आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. मुंबईची शीव म्हणजे वेस, तिचं यांनी सायन करून ठेवलंच होतं की!

सगळ्यात रमलो ते खालच्या मॅनहॅटनमध्ये. तिथल्या पर्ल स्ट्रीटवर माझं एक प्रोजेक्ट होतं. पर्ल म्हणजे मोती, तेव्हा जवाहिऱ्यांची पेठ असेल असं वाटेल. तसं नाही. डचांच्या काळात हा रस्ता थेट पाण्याच्या काठाने जायचा आणि तिथे शिंपल्यांचा खच असायचा, त्यावरून हे नाव. आज पाणी तिथून दोन-तीन गल्ल्या लांब आहे. मधली सगळी जमीन भराव घालून केलेली. भर टाकत समुद्र मागे ढकलला, मग पुढच्या रस्त्याला वॉटर स्ट्रीट म्हणाले, त्याच्या पुढच्याला फ्रंट, मग साउथ. कॅनॉल स्ट्रीटवर खरोखरच कालवा होता, तो १८१९ मध्ये झाकून टाकला. मेडन लेनच्या कडेने ओढा वाहायचा आणि मुली तिथे कपडे धुवायच्या, असं सांगतात.

आता मुंबईकर मंडळींनी जरा डोळे मिटा. उमरखाडी. उंबराजवळची खाडी. खाडी कुठे आहे? पायधुनी, जिथे ओहोळातून येताना पाय धुतले जायचे. पाणी कुठे आहे? धोबी तलावात तलाव कुठे आहे? दोन्ही शहरांनी पाणी बुजवलं आणि पाटी तेवढी ठेवली.

या दोन शहरांचं नातं याहून जवळचं आहे. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीनशी लग्न करायला निघाला, आणि १६६१ च्या करारात मुंबई आंदण म्हणून मिळाली. १६६४ साली याच चार्ल्सने डचांचा हा सगळा मुलूख आपल्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला देऊन टाकला. तेव्हा मुलूख हातातसुद्धा आला नव्हता! भावाचं आरमार आलं, डचांनी शरणागती पत्करली, न्यू ॲमस्टरडॅमचं न्यूयॉर्क झालं. चारच वर्षांनी, १६६८ मध्ये, चार्ल्सने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. आणि क्वीन्समध्ये राहणाऱ्यांनी लक्ष द्या. तुमच्या क्वीन्सचं नाव ज्या राणीवरून पडलं असं मानतात, ती हीच कॅथरीन.

ड्यूकने आपल्या वाट्यातला तुकडा दोन मित्रांना दिला. त्यातला जॉर्ज कार्टरेट हा जर्सी बेटाचा, म्हणून आपली न्यूजर्सी. त्याच्या बायकोचं नाव एलिझाबेथ, म्हणून एलिझाबेथ गाव. पुढे पर्थ अंबॉय. अंबॉय म्हटल्यावर मला अंबोलीचा धबधबा आठवतो, पण संबंध काही नाही. मूळ लेनापे शब्द 'ओम्पोगे', म्हणजे सपाट जमीन. पर्थ हा स्कॉटलंडचा उमराव. केप मे या नावाशी मे महिन्याचा संबंध नाही, तो मे नावाचा डच कप्तान. आणि पिस्कॅटवे! १६६६ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या पिस्काटाक्वा नदीकाठची काही कुटुंबं इथे येऊन राहिली आणि सोबत नाव घेऊन आली. आपल्या भाषेत सांगायचं तर ही सगळी मंडळी 'पिस्काटाक्वाकर'. आणि ते मूळ नावही त्यांचं नव्हेच, तिकडच्या आदिवासींचं.

एडिसनवाल्यांना राग येईल, पण तुमचं नाव फार तरुण आहे. १९५४ पर्यंत त्या गावाला रॅरिटन टाउनशिप म्हणत. रॅरिटन हे नाव नदीकाठच्या लेनाप्यांकडून आलेलं. मतदान झालं, जुनं नाव गेलं.

आता जर्सी सिटी. आपल्यातले किती तरी जण पॅथच्या न्यूपोर्ट स्टेशनवर रोज उतरतात. पूर्वी त्या पाटीवर 'पाव्होनिया-न्यूपोर्ट' असं लिहिलेलं असायचं. १६३० च्या सुमारास मिकाएल पाऊ नावाच्या डच व्यापाऱ्याला हा किनारा जहागीर मिळाला. डचमध्ये पाऊ म्हणजे मोर. त्याचं लॅटिन करून त्याने जहागिरीला पाव्होनिया म्हटलं. झालं की आपलं मोरगाव!

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. फेब्रुवारी १६४३ मध्ये उत्तरेकडच्या हल्ल्यांतून जीव वाचवत पळालेली लेनापे कुटुंबं या पाव्होनियात डचांच्या आसऱ्याला आली होती. गव्हर्नर विलेम कीफ्टने रात्री सैनिक पाठवले. डे व्हरीस नावाच्या डच गृहस्थाने, जो याला विरोध करत होता, लिहून ठेवलंय की तिथे ऐंशी माणसं मारली, आणि नदीपलीकडे आणखी चाळीस. लहान मुलंसुद्धा. हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या स्टेशनवर नेहमीसारखा उतरलो, कॉफी घेतली आणि नऊच्या मीटिंगला गेलो. दुसरं काय करणार होतो? पण पाटीवरून ते नाव गेलं ते बरं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

१७५८ पर्यंत लेनाप्यांना न्यूजर्सीतले जमिनीचे बहुतेक हक्क सोडावे लागले. काही कुटुंबं इथेच टिकून राहिली, बाकीची सरकत सरकत ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडाच्या ऑन्टारिओपर्यंत गेली. हॅकेनसॅक, पॅसेइक, वीहॉकन ही नावं इथेच राहिली, आणि त्यांचे अर्थ मात्र माणसांबरोबर गेले.

आमच्या आडनावातलं गाव कोकणात खाडीकाठी आहे. मी तिथे राहिलेलो नाही, माझे वडीलही नाहीत. गेल्या वर्षी मुलीने विचारलं, "बाबा, आपल्या नावाचा अर्थ काय?" मी गिरगावात आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, उंबर आहे त्यात. पारावरचा तो मोठा उंबर मी पाहिलाय ना!" आत्या आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. त्याच रविवारी मुलीला फोनवर बसवलं आणि आत्याकडून गावातल्या वाड्यांची, पाणंदींची, बंदराची सगळी नावं लिहून घ्यायला लावली. मोडक्या देवनागरीत अडीच पानं झाली.

शेवटचं मॅनहॅटन. हडसनच्या एका खलाशाच्या वहीत १६०९ साली हे नाव 'मन्नाहाटा' असं आलं. अर्थाबद्दल लोकांनी वाटेल ते तर्क केले. एकोणिसाव्या शतकात अल्बर्ट अँथनी नावाच्या पाद्र्याने तो सांगितला. धनुष्यासाठी लाकूड गोळा करायची जागा. बेटाच्या खालच्या टोकाला हिकरीची झाडं होती, तिचं लाकूड धनुष्याला चांगलं. २०१० मध्ये आयव्ह्ज गॉडर्ड या भाषातज्ज्ञाने सगळे पुरावे तपासून हाच अर्थ बरोबर ठरवला. अँथनी स्वतः लेनाप्यांच्या मन्सी शाखेतला. त्यांच्यात ही आठवण बापाकडून मुलाकडे आली होती. राहायचा ऑन्टारिओत.

चहा तयार आहे असं मागून केव्हाचं खुणावतायत. तुमच्या आडनावातली गावं मला चहाच्या वेळी सांगा, मी वही आणली आहे.